कार्यवाहीचा रकाना

एप्रिल लागला की माझ्या उजव्या हाताचा तळवा खाजतो. डॉक्टर म्हणतात, उष्णतेचं आहे, रायपूरच्या उन्हाळ्यात कोणाला काय होईल सांगता येत नाही. मी मान हलवते आणि मलम घेऊन घरी येते. कारण मला माहीत आहे, पण ते चिठ्ठीवर लिहून घेण्यासारखं नाही.

परवा सून ऑफिसला जाताना फोन घरीच विसरली. दहाच्या सुमारास तो जेवणाच्या टेबलावर थरथरला. नातीच्या शाळेचा निरोप होता. हल्ली शाळा वहीत लिहीत नाहीत, फोनवर पाठवतात. वर शाळेचं चिन्ह, खाली नातीचं नाव, ऋचा, आणि त्याखाली एकच शब्द: इनअटेंटिव्ह. लक्ष नसलेली. साधा शब्द आहे. नोकरीत मी तो हजारदा लिहिला असेल, आणि लिहिताना हात एकदाही अडखळला नाही. परवा मात्र फोन हातात घ्यायला मला दोन मिनिटं लागली.

मी इंग्रजीची शिक्षिका होते. चांगली होते, असं लोक म्हणत, आणि मीही म्हणत असे. छत्तीसगड वेगळं राज्य झालं त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आमची शाळा शंकर नगरात होती. राजधानी झाल्याबरोबर भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्यामागून बँकवाले, विमावाले, दवाखान्यांतल्या केरळी नर्सा. सगळ्यांना पोरं इंग्रजीत घालायची होती. एका वर्गात बासष्ट मुलं, दोन पंखे, आणि त्यातला एक नुसताच कुरकुरणारा.

शाळेची एक निळी डायरी असे. पानाच्या डाव्या बाजूला शिक्षकाचा शेरा, उजव्या बाजूला रकाना: ‘ॲक्शन टेकन बाय पेरेंट’. पालकाने काय कार्यवाही केली ते तिथे लिहून, सही करून, दुसऱ्या दिवशी डायरी परत यायला हवी. प्राचार्यबाई दर शनिवारी डायऱ्या तपासत. ज्या वर्गात एकही रकाना रिकामा नसे त्या वर्गशिक्षिकेचं नाव स्टाफरूमच्या फळ्यावर लागे. माझं बहुतेक दर शनिवारी लागे. मी त्याकडे न बघितल्यासारखं करून बघत असे.

त्या रकान्यावरून मी घरं ओळखायला शिकले. भोपाळचे साहेब लिहीत, ‘नोटेड’. फायलीवर लिहितात तसं. त्याचा अर्थ, काहीही होणार नाही. बँकेतले बंगाली बाबू लिहीत, ‘एक्सप्लेन्ड’. म्हणजे बाप रात्री तासभर बोलला असणार, कारण पोरगं दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला पेंगायचं. एक केरळी नर्स लिहायची, ‘करेक्टेड’. तिच्या घरात हा शब्द पट्टीचा होता की प्रार्थनेचा, ते मला कळलं नाही. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातले एक मराठी वकील लिहीत, ‘स्कोल्डेड अँड देन लव्ड’, आणि स्टाफरूममध्ये आम्ही ते एकमेकींना वाचून दाखवायचो. ‘पनिश्ड’ दोन घरांतून यायचं. एका घरी त्याचा अर्थ टीव्ही बंद. दुसऱ्या घरी भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभं करणं. हे मला त्या मुलाच्या तळपायाला आलेल्या फोडांवरून कळलं, तेही त्याने कवायतीच्या तासाला बूट काढायला नकार दिला म्हणून. मी शब्दकोश उघडून मुलांना अर्थ लिहून देत होते आणि तोच शब्द दोन गल्ल्यांपलीकडे जाऊन वेगळंच काहीतरी करत होता.

मारण्याला शब्द तर मराठीत किती आहेत. चापट, धपाटा, रट्टा, फटका, चोप. धपाटा पाठीत बसतो आणि तो देणारीच थोड्या वेळाने जेवायला वाढते. चोप द्यायला कोणीही चालतं. माझे वडील कचेरीत कारकून होते. त्यांच्या टेबलावरचा सागवानी रूळ घरी आमच्या बोटांवर यायचा, आणि आम्ही भावंडं त्याला ‘रेघ’ म्हणायचो. आज कोणाला रेघ पडली? हसून विचारायचो. मार खाणाऱ्या घरात मुलं शब्द लवकर बनवतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मोठी झाल्यावर मी स्वतः ‘स्ट्रिक्ट’ झाले. लोक मला स्ट्रिक्ट म्हणत आणि मला ते सोन्याच्या बांगडीहून आवडायचं.

त्या उन्हाळ्यात सगळं शहरच कोणाला तरी मारत होतं. राजधानीला रस्ते रुंद हवे होते. सकाळी शाळेत जाताना घणाचे आवाज ऐकू यायचे. दुकानांचे पुढचे भाग पाडले जात होते, कडुनिंबाच्या जाड फांद्या कुऱ्हाडीखाली पडत होत्या आणि पानांचा कडू वास नाकात शिरत होता. भनपुरीकडच्या कारखान्यांची काळी भुकटी उडत येऊन दोरीवरच्या कपड्यांवर बसायची. पांढरी साडी मी नेसणंच सोडून दिलं. दुपारी लू सुटली की दार उघडताक्षणी तोंडावर थप्पड बसल्यासारखी हवा यायची. त्या वर्षी वार्षिक परीक्षाही एप्रिलवर ढकलली गेली होती, आणि आम्ही सगळे, शिक्षक आणि मुलं, एकमेकांवर खेकसतच होतो.

लोकेश्वरी दिवाळीनंतर आली. सहावीत. आधी हिंदी शाळेत होती. तिचे वडील आधी ट्रक चालवायचे, मग त्यांनी स्वतःचे चार ट्रक केले, आणि भनपुरीत त्यांचं आवार होतं. मुलगी सावळी, केसांना भरपूर तेल, दोन वेण्या लाल रिबिनीत घट्ट बांधलेल्या. डब्यात बहुतेक वेळा कालचा भात पाण्यात घालून ठेवलेला, बासी, सोबत कांदा आणि कैरीची चटणी. साहेबांची मुलं नाक मुरडायची. ती डब्याचं झाकण तोंडासमोर धरून खायची.

तिच्या डायरीतला रकाना सगळ्यांत नीट असे. एकच शब्द, निळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत: ‘डन’. खाली ट्रान्सपोर्टचा रबरी शिक्का. मी शेरा काहीही लिहो, केअरलेस, लेझी, इनकम्प्लीट, दुसऱ्या दिवशी ‘डन’. मला तो पालक फार आवडला. न चुकता, न वाद घालता काम करणारा माणूस. पालकसभेत, तो आला नव्हता तरी, मी साहेब लोकांना ऐकवलं की भनपुरीचा एक ट्रकवाला तुमच्यापेक्षा मुलीकडे जास्त लक्ष देतो. काय डन, हे मी विचारलं नाही.

होळीनंतर एकदा मी तिला उभं केलं. लुक आणि सी यातला फरक सांग म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. तिने मान थोडी वळवली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. मला वाटलं, वेडावते आहे. मी तिच्या डाव्या कानाखाली मारली. आवाज मोठा आला. ती रडली नाही. तिने चेहरा फिरवला, उजवा गाल माझ्यापुढे केला आणि हळूच म्हणाली, “मैडम, इस तरफ़ मारिए.”

मला तो उद्धटपणा वाटला. मी डायरी मागवली आणि लाल पेनाने लिहिलं, ‘डिसओबीडियंट’. आज्ञा न पाळणारी. खाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी ती स्वेटर घालून आली. बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन होतं. रकान्यात ‘डन’ होतं. मी स्वेटर पाहिला. मी त्यावर विचार केला नाही, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे विचार आला होता आणि मी फळ्याकडे वळले.

मग सराव परीक्षा झाली. पेपर मी घरी आणून तपासत होते. शेवटचा प्रश्न माझा लाडका होता, जवळजवळच्या शब्दांतला फरक लिहा. हिअर आणि लिसन. लुक आणि सी. हिट आणि बीट. वहीत मी उत्तरं लिहून दिली होती आणि मुलांनी ती तशीच ओकायची, एवढंच अपेक्षित होतं. लोकेश्वरीची उत्तरं वहीतली नव्हती. मी तिन्हींवर लाल फुल्या मारल्या. पुढचा पेपर ओढला, दोन ओळी वाचल्या, आणि हात थांबला. तिचा पेपर पुन्हा वर घेतला.

तिच्या मोडक्या इंग्रजीत जे होतं त्याचा अर्थ असा. हिअर म्हणजे आवाज येतो. लिसन म्हणजे तोंडाकडेही बघावं लागतं. लुक म्हणजे समोर बघणं. सी म्हणजे हात कधी उठतो ते दिसणं. हिट म्हणजे एकदा. बीट म्हणजे मारणारा दमेपर्यंत.

मी ते तीन-चारदा वाचलं. कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो कोरडाच घरघरत होता. मला उठून पाणी घालायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला थांबवलं. काय विचारावं ते कळेना. तीच बोलली, कारण तिला वाटलं मी डायरी मागणार.

“मैडम, आज ‘केयरलेस’ मत लिखिए. ‘स्लो’ लिख दीजिए.”

“क्यों?”

“‘स्लो’ में पापा हँसते हैं. बोलते हैं, माँ पर गई है.”

“और ‘केयरलेस’ में?”

तिने पाढा म्हणावा तसं सगळं सांगितलं. ‘लेज़ी’ में हाथ से. ‘केयरलेस’ में चप्पल. ‘डिसओबीडियंट’ में बेल्ट. ‘इनकम्प्लीट’ में मम्मी को भी, कारण गृहपाठ पुरा करून घेणं मम्मीचं काम. आणि ‘इनअटेंटिव्ह’?

“उसमें कान पर,” ती म्हणाली. “ध्यान नहीं देती ना, इसलिए.”

मी तिचे डाव्या बाजूचे केस मागे केले. कानाची पाळी सुजलेली होती, आतून पिवळसर पाणी येऊन सुकलेलं. दिवाळीपासून मी तिला किती वेळा इनअटेंटिव्ह लिहिलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. मी लिहायचे, त्या कानावर मार बसायचा, मग तिला कमी ऐकू यायचं, मग मी पुन्हा लिहायचे. आणि त्याच कानाखाली मी स्वतःही एक दिली होती. ‘इस तरफ़’ म्हणताना ती मला दुखत नसलेली बाजू दाखवत होती.

घरी आले ती संतापूनच. कोणावर ते ठरत नव्हतं म्हणून भांडी आपटली. आमचे हे रेल्वेत, सकाळपाळी करून आलेले, पंख्याखाली आडवे झाले होते.

“काहून एवढी आदळआपट करून राहिली?” ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. ते उठून बसले. 

“मंग तू लिहितेस काहून?” त्यांनी विचारलं. “नको लिहू ना. रिकामी ठेव ती डायरी.”

“शनिवारी तपासतात.”

“तपासू दे. तुले काय फाशी देतीन का?”

मला त्यांचा राग आला. इतकं सोपं उत्तर होतं आणि माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं, म्हणून जास्तच आला. मी म्हटलं, एका पोरीच्या डायरीत नाही लिहिलं तर तिचा बाप काय मारायचा थांबणार आहे? त्याला भेटलं पाहिजे. ते म्हणाले, चल.

रविवारी सकाळी स्कूटरवरून आम्ही भनपुरीला गेलो. आवारात लोखंडी सळ्या भरलेला एक ट्रक उभा होता. त्याच्या चाकाशी एक ड्रायव्हर जमिनीवर पडलेला आणि दोन माणसं त्याला इंजिनाच्या जुन्या रबरी पट्ट्याने मारत होती. डिझेल विकलं होतं म्हणे. पट्टा मांसावर बसल्याचा आवाज ओला येतो. मी त्याआधी तो कधी इतक्या जवळून ऐकला नव्हता. बाजूला खाटेवर पांढऱ्या बनियनमधला एक माणूस चहा पीत होता. तेच लोकेश्वरीचे वडील. आम्हाला बघताच ते ताडकन उठले, बनियनवर सदरा चढवला आणि हात जोडले.

“अरे, बस करो रे. मैडम आई हैं.”

मारणं तिथल्या तिथे थांबलं. पडलेला ड्रायव्हर उठला, ओठ फुटलेला होता, सदऱ्याच्या बाहीने त्याने रक्त पुसलं. वडिलांनी त्यालाच पैसे दिले आणि आमच्यासाठी थंडा आणायला पाठवलं. तो लंगडत गेला आणि दोन बाटल्या घेऊन आला. माझ्या बाटलीच्या मानेला त्याच्या बोटाचं रक्त लागलं होतं. मी ती प्यायले नाही, पदराखाली धरून बसले.

ते फार अदबीने बोलत होते. मी बोलायला लागले तशी त्यांनी आतून लोकेश्वरीची डायरी मागवली. देवीच्या तसबिरीखाली ठेवलेली असायची. ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

“मैडम जी, हम चौथी फेल हैं. अंगरेजी का एक अक्षर नहीं आता. मुंशी पढ़कर बताता है, रोज़ शाम को. उसने बताया, इधर लिखा है ऐक्शन. मतलब कुछ करना. तो किया. यह ‘डन’ हम खुद लिखते हैं, मुंशी से सीखा है.”

“मैंने मारने को तो नहीं लिखा.”

त्यांना खरंच नवल वाटलं. “आपने लाल से लिखा. लाल से कोई अच्छी बात थोड़े लिखता है? हमने सोचा, मैडम परेशान हैं. आपकी इज्जत रखी.”

मुन्शी बाजूच्या टेबलाशी मान खाली घालून बसला होता. मी म्हटलं, कान में चोट है, मत मारिए, समझाइए. ते “हव, हव” म्हणाले. छत्तीसगडी माणूस हव म्हणतो तेव्हा त्याने ऐकलं एवढं नक्की असतं. मान्य केलं की नाही ते पुढे कळतं. निघताना घराच्या आडून लोकेश्वरीची आई आली. डोक्यावर पदर, एका डोळ्याखाली जुना हिरवट वळ. तिने माझं मनगट धरलं.

“कुछु झन लिखहू, मैडम,” ती म्हणाली. काही लिहू नका.

आमचे हे तेच म्हणाले होते, ही बाईही तेच म्हणत होती. पण मी शिकलेली होते. परतताना स्कूटरवर मी विचार केला, हा माणूस बोललेलं विसरेल, लिहिलेलं पाळतो. तर त्याला लिहूनच द्यावं. पक्कं, शाळेच्या कागदावर, शाळेच्या शिक्क्यासकट. मला माझी युक्ती इतकी आवडली की संध्याकाळी मी पोळ्या लाटताना गुणगुणत होते.

सोमवारी मी लोकेश्वरीची डायरी घेतली आणि डाव्या रकान्यात, डायरीत इंग्रजीच चालत असे म्हणून इंग्रजीतच, लिहिलं, ‘प्लीज डू नॉट बीट हर’. प्राचार्यबाईंकडे शिक्क्यासाठी नेली. त्यांनी भुवया वर केल्या.

“बीट? स्कूल की डायरी में यह शब्द अच्छा नहीं लगता. ‘बी जेंटल’ लिखिए.”

“उनके घर में जेंटल का कोई मतलब नहीं है,” मी म्हटलं. मला वाटलं, काय नेमका शब्द निवडला आहे मी. त्यांनी खांदे उडवले आणि गोल शिक्का मारला. मी लोकेश्वरीला वर्गात वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा स्वतः वाचलं, बोट फिरवत, आणि डायरी दप्तरात सगळ्यांत आत ठेवली.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी आली. डाव्या कानावर कापसाचा मोठा बोळा, चिकटपट्टीने चिकटवलेला. कापूस लाल झाला होता. उजव्या हाताची दोन बोटं सुजून एकत्र आलेली. तिने डायरी माझ्या टेबलावर ठेवली. माझ्या ओळीच्या समोर, मोठ्या निळ्या अक्षरांत, लिहिलेलं होतं, ‘डन’.

“मुंशीजी गाँव गए हैं,” ती म्हणाली. “शादी में. पापा ने लाल देखा, और ठप्पा देखा. बोले, घर तक आ गई थी मैडम, फिर भी लिखा, अब तो बड़ी मैडम का ठप्पा भी लग गया.”

“तूने पढ़कर नहीं सुनाया?”

“सुनाया. मैंने कहा, इसमें लिखा है, मत मारो.” तिने सुजलेली बोटं दुसऱ्या हातात धरली. “बोले, अपने मतलब का पढ़ती है.”

माझ्या टेबलावर निळं पेन होतं, काळं होतं. सोमवारी मी पेपर तपासत होते म्हणून लाल हातात होतं. एवढंच. मी पंधरा वर्षं शब्दांतले बारीक फरक शिकवत होते, आणि एका माणसाने मला तोंडावर सांगितलं होतं की तो शब्द वाचत नाही, शाई वाचतो.

मी तिला रिक्षात घालून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने कानात उजेड टाकून पाहिलं, पडदा गेला आहे म्हणाला, आणि कागदावर पेन टेकवून माझ्याकडे वळला.

“फॉल है या हिट?”

पडली की मारलं. मारलं म्हटलं तर पोलिसांत कळवावं लागलं असतं. शाळेचं नाव आलं असतं. डायरी आली असती, आणि डायरीत सगळीकडे माझं अक्षर. माझ्या हाताखाली लोकेश्वरीचा खांदा होता, तो थरथरतही नव्हता.

“फॉल,” मी म्हटलं.

त्याने लिहून घेतलं. लोकेश्वरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मी सहन केला असता. तिला ते पटलं होतं. योग्य शब्द निवडला, यात कोणाला मार बसणार नाही, असा हिशेब तिने क्षणात केला होता आणि माझ्यावर ती खूश होती. रिक्षात परतताना तिने माझा पदर धरून ठेवला.

शनिवारी प्राचार्यबाईंपुढे मी ती डायरी ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी पान उघडलं. शेरा होता, शिक्का होता, रकाना भरलेला होता. “पेपर पर तो सब ठीक है,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी फळ्यावर माझं नाव पुन्हा लागलं. मी डस्टर घेतलं आणि ते इतक्या जोराने पुसलं की फळा खिळ्यावरून निसटून खाली आला. ही माझी त्या प्रकरणातली मोठ्यात मोठी बंडखोरी.

लोकेश्वरी पहिल्या पेपरला आली, इंग्रजीच्याच. दुसऱ्यापासून नाही. मे महिन्यात मुन्शी येऊन तिचा दाखला घेऊन गेला. आई तिला घेऊन माहेरी गेली, असं तो म्हणाला. कुठल्या गावी ते त्याने सांगितलं नाही आणि मी दोनदा विचारलं नाही. एकदाच विचारलं. तिचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. आज ती तिशी ओलांडलेली बाई असेल. रस्त्यात कोणी बाई बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकताना दिसली की मी थांबते, आणि मग भाजीची पिशवी सावरल्यासारखं करून पुढे जाते.

त्यानंतर मी कोणा मुलावर हात उचलला नाही, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दोनदा उचलला. नंतर नोकरी संपली. लाल पेन मात्र घरात नाही. ऋचाला चित्रं काढायला खडूंची पेटी आणली तेव्हा त्यातला लाल तेवढा मी काढून ठेवला होता. सुनेने तो शोधून परत पेटीत ठेवला.

परवा दुपारी ऋचा शाळेतून आली. आठ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. दप्तर फेकलं, पाणी प्यायली, आणि टेबलावर आईचा फोन दिसल्यावर थबकली. तिने आकडे दाबून तो उघडला. निरोप वाचला. तिचे खांदे किंचित वर आले, दोन्ही. आमच्या घरी तिला कोणी मारत नाही. माझा मुलगा मारत नाही, सून रागावते, फार तर बोलायची थांबते. तरीही खांदे वर आले. कुठून शिकतात कोण जाणे.

“आजी,” ती फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, “मम्मी के आने से पहले इसको बंद कर दो ना. नीचे बटन है.”

मी चष्मा लावला. निरोपाच्या खाली एक चौकट होती आणि चौकटीत शब्द होता, ‘डन’. तो दाबला की शाळेला कळतं, पालकाने पाहिलं, केलं, संपलं. एका बोटाचं काम.

तळवा खाजत होता. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, इतकी जवळ की आमचे गुडघे टेकले.

“आधी मला सांग,” मी म्हटलं, “काय झालं होतं वर्गात?”

हा प्रश्न मला इंग्रजीतही येत होता. लोकेश्वरीला मी तो एकदाही विचारला नव्हता.